जिन्याच्या पायऱ्यांवर लाकूड बसवताना या चुका टाळा

रो-हाउस किंवा डुप्लेक्स घराच्या नूतनीकरणात दिवाणखान्याला लाकडी फ्लोअरिंग झाले की जिन्यालाही तेच हवे, असे वाटणे साहजिक आहे. मात्र खोलीत वापरलेली पद्धत जशीच्या तशी जिन्यावर वापरली, तर वर्षभरात पायऱ्या वाजू लागतात, त्यांच्या कडा सुटतात आणि चढउतार करणारा माणूस अडखळू लागतो. यातील बहुतेक दोष सुताराच्या हातात नसून काम सुरू होण्यापूर्वी न केलेल्या मोजमापात असतात.

उंचीचा हिशेब न करणे

ही सर्वांत गंभीर चूक आहे, कारण काम पूर्ण झाल्यावर ती सुधारण्यासाठी सगळे उखडावे लागते. समजा, जिन्याचा प्रत्येक रायझर, म्हणजे पायरीची उभी बाजू, 170 मिमी उंच आहे आणि कोटा किंवा ग्रॅनाइट न काढता त्यावर 12 मिमीचा प्लाय व 8 मिमीचे लॅमिनेट, म्हणजे एकूण 20 मिमी जाडी चढवली. मधल्या सर्व पायऱ्या सारख्याच वर उचलल्या जात असल्याने त्यांच्या उंचीत फरक पडत नाही. पण खालची जमीन जागच्या जागी राहते, त्यामुळे पहिली पायरी 190 मिमी होते. वरच्या मजल्याची फरशीही बदललेली नसल्याने शेवटची पायरी 150 मिमीच उरते. एकाच जिन्यात 40 मिमीचा फरक निर्माण होतो.

माणूस जिना चढताना प्रत्येक पायरीकडे पाहत नाही; पहिल्या एकदोन पायऱ्यांवरून पाय अंदाज बांधतो आणि पुढे त्याच अंदाजाने पडत राहतो. म्हणूनच अमेरिकेतील घरबांधणीच्या नियमावलीत एका जिन्यातील सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत 3/8 इंच, म्हणजे सुमारे 9.5 मिमी, इतकाच फरक चालतो. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निवासी इमारतीत रायझर 190 मिमीपेक्षा उंच आणि पायरीची रुंदी 250 मिमीपेक्षा कमी असू नये. वरील उदाहरणातील पहिली पायरी त्या मर्यादेला जाऊन टेकलेली आहे. घरात वयस्कर मंडळी किंवा लहान मुले असतील, तर या मुद्द्यावर तडजोड करूच नये.

माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे जुना दगड व त्याखालचा मसाला काढून तितक्याच जाडीचे लाकूड बसवणे. धूळ व आवाज होतो, मजुरीही वाढते, पण उंची मूळ मापावर राहते. दुसरा उपाय म्हणजे खालच्या व वरच्या मजल्याच्या फ्लोअरिंगची एकूण जाडी जिन्याइतकीच ठेवणे. खोलीत प्लाय न घालता फक्त लॅमिनेट आणि जिन्यावर मात्र प्लायसह लॅमिनेट, असे झाले की 12 मिमीचा फरक पुन्हा शिल्लक राहतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

दगड ठेवूनच काम करायचे ठरले, तर त्याची पुढे आलेली गोल कड आधी कटरने कापून रायझरच्या पातळीत आणावी. ती तशीच ठेवली तर रायझरच्या पट्टीमागे पोकळी राहते आणि पायाचा पहिला धक्का बसताच ती पट्टी हलते.

ओल न तपासणे आणि लाकडाला जागा न देणे

नव्या बांधकामातील काँक्रीट व मसाला वरून कोरडा दिसला, तरी आत ओल असू शकते. सुमारे 18 इंच चौरस प्लास्टिकचा तुकडा पृष्ठभागावर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि निदान 16 तासांनी तो उचलून पाहावा. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट गडद झाले असेल, तर काम थांबवावे. जिना स्नानगृहाच्या किंवा बाहेरच्या भिंतीला लागून असेल, तर ओलीचा उगम शोधून तो बंद केल्याशिवाय लाकूड आणूच नये, कारण ओल आणि वाळवी यांची सोबत जुनी आहे.

सागासारखे उत्तम लाकूडही हवेतील दमटपणानुसार फुगते व आकसते. हवेतील आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास असताना लाकडातील पाणी सुमारे 9 टक्के असते. ती 80 टक्क्यांवर टिकली, तर हे प्रमाण 16 टक्क्यांपर्यंत जाते. पुण्यात किंवा नागपुरात मे महिन्यात बसवलेली कोरडी फळी श्रावणात फुगणार, हे गृहीतच धरले पाहिजे. 280 मिमी रुंदीची, सपाट चिरलेली (म्हणजे वाढीची वलये रुंदीला जवळपास समांतर असलेली) सागाची फळी पाच टक्के पाणी शोषून घेते तेव्हा ती रुंदीत सुमारे अडीच मिमी वाढते. उभ्या नसांची फळी असेल, तर वाढ जवळपास निम्मी असते. लांबीत मात्र फरक जवळजवळ पडत नाही.

अनेक ठिकाणी नेमके उलटे केले जाते. भिंतीलगत, म्हणजे फळीच्या लांबीच्या टोकांना, मोठी फट सोडली जाते आणि मागची कड रायझरला घट्ट ठोकून बसवली जाते. फट मागे हवी. खालून वर काम करत आधी रायझर, त्यावर पायरीची फळी आणि तिच्या मागच्या कडेवर पुढचा रायझर, असा क्रम ठेवला तर ती फट आपोआप झाकली जाते. फळीची टोके व मागची कड बसवण्यापूर्वीच सील करावी, कारण लाकूड टोकांतून सर्वांत वेगाने पाणी ओढते. लाकूड आणल्याबरोबर न कापता काही दिवस त्याच घरात, हवा खेळेल अशा रीतीने रचून ठेवावे.

चुकीचा गोंद, चुकीची कड

काँक्रीटवर सुतारकामातला पांढरा गोंद वापरू नये. तो वाळल्यावर ताठर होतो, खालची उंचसखलता भरून काढत नाही आणि ओलीने मऊ पडतो. त्याऐवजी लवचिक राहणारे पॉलीयुरेथेन अॅढेसिव्ह दातेरी पट्टीने संपूर्ण पृष्ठभागावर पसरावे. चार कोपऱ्यांत चार गोळे लावले की मधला भाग पोकळ राहतो. त्याआधी पायरी समतल करणे अर्थातच आवश्यक आहे.

खोलीत लॅमिनेट फोमवर तरंगते ठेवतात, जिन्यावर तसे कधीही करू नये. पायाचा भार नोझिंगवर, म्हणजे पायरीच्या पुढे आलेल्या कडेवर, येतो आणि खाली फोम असेल तर कड दबत दबत तुटते. लॅमिनेटचा गाभा दाबलेल्या लाकूडतंतूंचा असल्याने त्याची कड रंधून गोल करता येत नाही. तिथे खास नोझिंग पट्टी अॅढेसिव्ह व स्क्रूने पक्की करावी लागते. नोझिंग 20 ते 30 मिमीपेक्षा जास्त पुढे काढू नये आणि सर्व पायऱ्यांवर ते एकसारखे असावे.

चकचकीत पॉलिशचा आग्रह मला अजिबात पटत नाही. छायाचित्रात ते सुंदर दिसते, पण मोज्यांवर किंवा ओल्या पायांनी उतरताना धोक्याचे ठरते. मॅट फिनिश घ्यावा आणि कडेजवळ दोन उथळ खाचा किंवा घसरणरोधक पट्टी द्यावी. रोजची पुसणीही घट्ट पिळलेल्या फडक्यानेच करावी.

दोष दिसू लागल्यावर

पावसाळ्यात फळीच्या दोन्ही कडा वर येऊन मध्ये खळगा दिसू लागला, तर लगेच घासकाम करू नये. त्या वेळी कडा घासून सपाट केल्या, तर हिवाळ्यात लाकूड वाळल्यावर मधला भाग उंच राहतो. आधी ओलीचे कारण दूर करून दिवाळीपर्यंत थांबावे. पुष्कळदा फळी बऱ्याच अंशी पूर्ववत होते. पायरी पोकळ वाजते पण हलत नाही, अशा वेळी सांध्यात बारीक छिद्र पाडून इपॉक्सी सोडता येते. नोझिंग सुटले असेल, तर मात्र तात्पुरता खिळा न ठोकता ती पायरी वापरातून बंद करावी, जुना गोंद पूर्ण खरवडून काढावा आणि नोझिंग नव्याने चिकटवल्यानंतर अॅढेसिव्ह पूर्ण सुकेपर्यंत, साधारण 24 तास, तिच्यावर कोणालाही पाय ठेवू देऊ नये.