राउटरच्या यादीत एकच फोन दोनदा दिसतो तेव्हा

राउटरला जोडलेल्या उपकरणांच्या यादीत आईचा फोन दोनदा दिसला म्हणून लगेच घाबरू नका. बहुतेक वेळा दुसरी नोंदही तिच्याच फोनची असते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन सहसा वायफायला खरा मॅक पत्ता (उपकरणाची नेटवर्कवरची ओळख सांगणारा अंक-अक्षरांचा क्रमांक) न देता स्वतः बनवलेला वेगळा पत्ता देतात. राउटर पत्त्यावरूनच ओळखतो, त्यामुळे पत्ता बदलला की त्याच्या लेखी नवं उपकरण आलं. लॅपटॉपचंही तसंच: केबलचा पत्ता वेगळा, वायफायचा वेगळा.

मी आधी पत्त्यातलं दुसरं अक्षर बघते. 'डीए:४१' असं सुरू होणाऱ्या पत्त्यात ते 'ए' आहे. तिथे २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता सहसा असा बनवलेलाच असतो. पण घुसखोरही तसाच पत्ता घेऊ शकतो, म्हणून एवढ्यावर थांबू नका. घरातल्या एकेका उपकरणाचं वायफाय बंद करा, थोडं थांबून यादी ताजी करा आणि कोणती नोंद ऑफलाइन गेली ते लिहून ठेवा. टीव्ही, प्रिंटर, स्मार्ट बल्ब हमखास विसरतात.

सगळं बंद करूनही एखादी नोंद चालूच राहिली, तर वायफायचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने पासवर्डशिवाय जोडण्याची सोय) बंद करा, राउटरच्या सेटिंगमध्ये वायफाय सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. राउटरची सेटिंग उघडण्याचा अॅडमिन पासवर्ड वेगळा असतो, तोही बदलाच. नुसतं मॅक पत्ता ब्लॉक करण्यावर माझा भरवसा नाही, कारण पत्ता बदलून पुन्हा आत येता येतं.