मेलबर्नला आलात? नेबरहूड हाउसची पायरी चढा

इंडियन दुकान कुठे, मराठी व्हॉट्सॲप ग्रुप कुठला, हे इथे उतरल्या उतरल्या कुणीही सांगतं. जवळचं नेबरहूड हाउस, म्हणजे वर्ग, गट आणि हॉल असलेलं वस्तीतलं सामुदायिक केंद्र, मात्र कुणी दाखवत नाही. व्हिक्टोरियात अशी सुमारे 400 केंद्रं आहेत. 1970 च्या दशकात उपनगरांतल्या बायकांनी पुढाकार घेऊन ही चळवळ उभी केली. समन्वयकाच्या पगाराला राज्य सरकारचा हातभार असतो, बाकी बराचसा डोलारा स्वयंसेवकांवर. समितीसुद्धा बिनपगारी. तेव्हा फोन उचलला नाही म्हणून गुगलवर एक तारा ठोकू नका, प्रत्यक्ष जा.

वर्ग शाळेच्या टर्मप्रमाणे चालतात. सुट्टीत बरेच बंद.

आईबाबा आले की त्यांना घरात कोंडून ठेवू नका. आमच्या ओळखीच्या एक काकू विणकामाच्या गटात जायला लागल्या. इंग्रजी यथातथाच, पण सुलट-उलट टाके तिथल्या इटालियन आजीबाईंना बरोबर कळतात. आता त्यांचा बुधवार कुणी हलवू शकत नाही.

नोकरी शोधताय? आठवड्यातून एक सकाळ तिथे द्या. इथला रेफरन्स मिळतो, आणि त्याला वजन असतं. मुलांसोबतच्या कामाला वर्किंग विथ चिल्ड्रन चेक, म्हणजे तुमची पार्श्वभूमी तपासून मिळणारा सरकारी परवाना, लागतो. स्वयंसेवकांना तो फुकट आहे, पण त्यावर पगारी काम चालत नाही. पगारी काम मिळालं की पैसे भरून आधी बदलून घ्या.

आता हॉल. आपल्या लोकांना केंद्र आठवतं ते गणपतीला, भाड्यापुरतं. ठीक आहे, पण धुराचं विचारल्याशिवाय बुकिंग करू नका. काही हॉलचा अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. एका मंडळाच्या आरतीत कापूर पेटला, धूप फिरला आणि प्रसाद वाटायच्या आत बंब दारात! खोट्या अलार्मचं भलंमोठं बिल हॉलला आलं, हॉलने ते मंडळाच्या गळ्यात घातलं. बॉन्ड, म्हणजे अनामत रक्कम, गेला तो वेगळाच. आरतीआधी पुन्हा विचारा. लेखी विचारा. नाहीतर सरळ विजेच्या समया लावा, बाप्पा रागवत नाही.

आणि वर्षातून एकदा केंद्राच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, जा. समितीला खजिनदार मिळता मिळत नाही, आणि आपल्यात अकाउंटंट पैशाला पासरी.