नेत्यांच्या दीर्घायुष्याचा मेसेज आला की तो असा तपासा

ठाण्यात तलावपाळीला सकाळी चालणाऱ्यांचा एखादा ग्रुप असेल तर हा मेसेज तुम्हाला आलेलाच असणार, अमुक नेता नव्वदीतही खणखणीत, कारण पहाटे चारला उठतो, शाकाहारी आहे, दारूला शिवत नाही, वगैरे. पटतं पण लगेच, कारण उदाहरण खरं असतं. मोरारजी देसाई 1896 ला जन्मले, 1995 ला गेले, म्हणजे 99 वर्षं, आणि खाण्यापिण्याला एकदम कडक.

आधी उलटं उदाहरण शोधा. चर्चिलचा सिगार आणि व्हिस्की सुटली नाही, अंगानेही चांगला जाडजूड, तरी 90 वर्षं जगला, आणि आपले शास्त्रीजी इतके साधे, ते 61 व्या वर्षी ताश्कंदला गेले. "टेन्शन घेत नाहीत म्हणून जगतात" असं कोणी म्हटलं तर नवी मुंबईकरांनी दि. बा. पाटील आठवावेत, 1984 चं शेतकऱ्यांचं आंदोलन, गोळीबारात पाच माणसं गेली, एवढं सगळं अंगावर घेऊन माणूस 87 वर्षं जगला.

मग मृत्यू कशाने झाला ते बघा. दिघे साहेब 2001 ला अपघातानंतर हॉस्पिटलमध्येच गेले, मुंडे 2014 ला दिल्लीत गाडीच्या अपघातात. हे स्वभावाच्या खात्यात टाकू नका, नेत्यांचं अर्धं आयुष्य गाडीत जातं, तो त्या कामाचाच धोका आहे.

आता खरी गोम. मोरारजी 1977 ला पंतप्रधान झाले तेव्हा 81 चे होते, म्हणजे 81 पर्यंत जगले म्हणून तर झाले ना! तशाच सवयीचे जे पंचावन्नला गेले त्यांच्यावर मेसेज कोण बनवणार? मलेशियाचे महाथीर तर 2018 ला 92 व्या वर्षी परत पंतप्रधान झाले. म्हणून मोजायला सुरुवात जन्मापासून नाही, खुर्ची मिळाली त्या दिवसापासून करायची, आणि तुलना त्याच वयाच्या माणसांशी. स्वातंत्र्याच्या वेळी आपलं सरासरी आयुष्य 32 च्या आसपास होतं, पण ते लहान मुलं फार दगावायची म्हणून, त्या 32 शी तुलना केली तर तुमच्या सोसायटीतले सगळे आजोबा चिरंजीव ठरतील.

तुलना कोणाशी केली यावर पण उत्तर फिरतं. ओल्शान्स्की नावाच्या संशोधकाने 2011 ला दाखवलं की नैसर्गिक मृत्यू आलेले बरेचसे अमेरिकन अध्यक्ष त्यांच्या काळाच्या अपेक्षेपेक्षा जास्त जगले. आणि 2015 ला बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 17 देशांतल्या निवडणुकांचा अभ्यास आला, त्यात जिंकून देशाचे प्रमुख झालेले लोक हरलेल्यांपेक्षा कमी जगले, वयाचा हिशोब धरून सुद्धा साधारण 2.7 वर्षं कमी. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, कारण शिक्षण, पैसा आणि हाताशी डॉक्टर यामुळे नेता सामान्य माणसाच्या पुढे असतोच, पण हरलेल्या उमेदवाराकडे पण हे सगळं असतं, फक्त खुर्चीचा ताप नसतो.

डॉक्टरवाला मुद्दा हलका समजू नका. पवारांना 2004 ला तोंडाचा कॅन्सर झाला, कारण गुटखा असं ते स्वतःच सांगतात, उपचार झाले आणि त्यानंतर वीस वर्षं राज्यभर फिरले. नुसती सवय आणि वय एवढंच बघितलं तर गुटखा खाऊन माणूस जगतो असा निष्कर्ष निघेल!

हौस असेल तर स्वतः करून बघा. ठाणे लोकसभेच्या जुन्या निवडणुका घ्या, प्रत्येक वेळचे पहिले दोन उमेदवार, निकालाच्या दिवशीचं वय, आणि त्यानंतर किती वर्षं जगले. जिंकलेल्यांच्या जन्मतारखा लोकसभेच्या साइटवर मिळतात, हरलेल्यांच्या शोधताना दमछाक होते, जुन्या पेपरातल्या निधनवार्ता चाळाव्या लागतील. जे हयात आहेत त्यांना यादीतून काढू नका, समोर "चालू" लिहून ठेवा, नाहीतर जास्त जगणारेच बाहेर पडतील आणि सरासरी उगाच खाली येईल.