जॉनी डॉड्सची क्लॅरिनेट कशी ऐकावी

आरंभीच्या जॅझमधील कितीतरी महत्त्वाच्या ध्वनिमुद्रिकांत जॉनी डॉड्सची क्लॅरिनेट आहे, तरीही ऐकणाऱ्याचे लक्ष तिच्याकडे क्वचितच जाते, कारण त्यांपैकी अनेक मुद्रिकांत शेजारी विख्यात कॉर्नेटवादक लुई आर्मस्ट्राँग वाजवत असतो (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखे पितळी वाद्य). डॉड्सने १९२३ मध्ये कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदासोबत आणि १९२५ ते १९२७ या काळात आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह व हॉट सेव्हन या संचांत मुद्रण केले. त्याची कला समजून घ्यायची असेल, तर मुद्रिका कालक्रमाने ऐकू नयेत.

सुरुवात १९२६ साली शिकागोत न्यू ऑर्लिन्स वाँडरर्स या नावाने मुद्रित झालेल्या ‘पर्डिडो स्ट्रीट ब्लूज’पासून करावी. संच जवळजवळ हॉट फाइव्हचाच आहे. मात्र कॉर्नेटवर आर्मस्ट्राँगऐवजी जॉर्ज मिचेल असल्यामुळे क्लॅरिनेटला मोकळी जागा मिळते. पहिल्या खेपेस केवळ नादाकडे लक्ष द्यावे. तो गुळगुळीत नाही. दाट आणि किंचित खरखरीत आहे, आणि लांबवलेल्या स्वराच्या शेपटाशी त्याचा कंप रुंद होत जातो. दुसऱ्या खेपेस एकच स्वर पकडावा, तो म्हणजे गंधार. ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गीतशैलीत, हा स्वर कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागेत राहतो, आणि डॉड्स त्या जागेवर सरळ न उतरता खालून ओढत नेऊन तिथे टेकतो. माझ्या मते त्याची खरी थोरवी या ओढीत आहे. जलद चालीत त्याची वाक्ये कधी कधी ताठर होतात हे मान्य करावे. समकालीन क्लॅरिनेटवादक जिमी नूनची सफाई त्याच्याकडे शोधू नये. संथ ब्लूजमध्ये मात्र त्याच्याइतका जिवाला भिडणारा क्लॅरिनेटवादक मला त्या काळात दुसरा दिसत नाही.

त्यानंतर मे १९२७ मधील ‘पोटॅटो हेड ब्लूज’ लावावे. आर्मस्ट्राँगचा प्रसिद्ध एकलभाग, ज्यात साथीची वाद्ये अधूनमधून एकच ठोका देऊन थांबतात, तो या मुद्रिकेत उत्तरार्धात येतो आणि त्याच्या आधीचे पूर्ण आवर्तन डॉड्सचे आहे. बँजोचा छोटा तुकडा सुरू होताच मुद्रिका थांबवावी आणि डॉड्सचा भाग पुन्हा लावावा, कारण आर्मस्ट्राँग एकदा सुरू झाला की आधीचे काही कानात उरत नाही.

त्याच वर्षी पियानोवादक जेली रोल मॉर्टनच्या त्रिकुटाने मुद्रित केलेले ‘वुल्व्हरिन ब्लूज’ही अवश्य ऐकावे. आधी पियानो एकटा वाजतो आणि मग क्लॅरिनेट व ड्रम दाखल होतात. ड्रमवर डॉड्सचा धाकटा भाऊ बेबी डॉड्स आहे. इथे क्लॅरिनेटचा मंद्र भाग अगदी स्वच्छ ऐकू येतो.

१९२३ च्या मुद्रिका सर्वांत शेवटी घ्याव्यात. त्या मायक्रोफोनविना, कर्ण्यासमोर वाजवून घेतलेल्या असल्याने नाद दबलेला आहे, आणि सगळे वादक एकाच वेळी आपापली चाल विणत असतात: कॉर्नेटकडे मूळ चाल, तिच्याखाली ट्रॉम्बोन आणि वरून फिरणारी क्लॅरिनेट. पहिल्या एक-दोन प्रयत्नांत ही वरची रेषा निसटेल. तसे झाल्यास मागे जाऊन कॉर्नेट जिथे श्वास घेते ती जागा शोधावी. डॉड्स बहुधा तिथेच बोलत असतो.