क्वेंच कसा वापरायचा: भट्टीवरून सांगतो

परवा बारावीतल्या लेकीनं विचारलं, "पप्पा, इंग्रजीतलं क्वेंच (quench) म्हणजे विझवणे ना? मग तहान कशी विझवायची?" शिरोली एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर मला 22 वर्षं झाली, हा शब्द रोज तोंडात असतो. तिला सांगितलं तेच इथं लिहितो.

'विझवणे' जरा बाजूला ठेवा आणि 'पाणी' धरा. पाण्यानं आग विझते, तहान भागते, आणि तापल्या लोखंडालाही पाणी देतात. माझा आज्जा ऊसतोडीचे कोयते घडवायचा. लालभडक पातं पाण्यात चर्रकन बुडवलं की म्हणायचा, "पाणी दिलं बघ." आम्ही तेच करतो, फक्त 850 अंशांच्या आसपास तापवलेला जॉब, म्हणजे पोलादी भाग, तेलाच्या टाकीत सोडतो. मिश्र पोलाद पाण्यात झपाट्यानं गार होऊन तडकतं. तेल दमानं घेतं. तेल असलं तरी क्वेंचच म्हणायचं. नुसता क्वेंच केलेला जॉब कडक होतो पण ठिसूळ राहतो, म्हणून मागोमाग टेंपर करायलाच हवा, म्हणजे कमी तापमानाला पुन्हा तापवायचा.

शब्द हजार वर्षांहून जुना, अस्सल इंग्रजी. जुन्या इंग्रजीत 'अक्विंकन' म्हणजे विझणे आणि 'अक्वेंचन' म्हणजे विझवणे. अगदी आपल्यासारखी जोडी! त्यातलं विझणे गेलं, विझवणे उरलं. ड्रिंक आणि ड्रेंच तसेच: पिणे आणि पाजणे. ड्रेंच म्हणजे आता चिंब भिजवणे, पण म्हशीला औषध पाजण्याला डॉक्टर अजून ड्रेंचिंगच म्हणतात.

आता वापर. तहानेला बिनधास्त क्वेंच. आगीच्या बातमीत मात्र पुट आउट किंवा एक्स्टिंग्विश बरं. ऑगस्ट 2024 मध्ये आपलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, अजून जिवाला लागतं. त्या आगीला क्वेंच लिहिलं तर चूक नाही, पण कवितेतला शब्द बातमीत आल्यासारखा वाटतो.

एक्स्टिंग्विश लॅटिनमधून आला, एक्स्टिंक्ट म्हणजे नामशेष, त्याच्याच मुळातला. म्हणून आशा मावळली, हक्क संपुष्टात आला, तिथं तो शोभतो. कायद्याच्या कागदात हक्काच्या बाबतीत एक्स्टिंग्विशमेंट दिसलं तर आगीचा बंब शोधू नका.

आणि खोलीतला दिवा मालवायचा असेल तर यातलं काहीच नको, टर्न ऑफ म्हणा. मेणबत्ती फुंकायची तर ब्लो आउट.