स्लाइस जात नसेल तर आधी पाण्यावर भाकऱ्या काढा

नाशिकमध्ये गोल्फ म्हटलं की लोकांना गोल्फ क्लब मैदानच आठवतं, म्हणजे आपलं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, आणि तिथे तर क्रिकेट चालतं नि सकाळी जॉगिंगवाल्यांची गर्दी. मग माझ्यासारखा माणूस स्विंग (बॉल मारायला काठी फिरवणं) शिकतो मोबाईलवरच्या व्हिडिओंतून, आणि घोळ तिथेच होतो. कोपर इथे ठेवा, मनगट तिथे, कंबर एवढीच वळवा... अहो डाउनस्विंग, म्हणजे काठी वरून खाली बॉलपर्यंत येणं, पाव सेकंदाच्या आसपास संपतो, तेवढ्यात चार सूचना कुठून आठवणार! माझा बॉल दोन वर्षं उजवीकडे वळत राहिला, यालाच स्लाइस म्हणतात (मी उजव्या हाताने खेळतो, डावखुऱ्यांनी सगळं उलटं धरा).

सूचनांऐवजी मनात एक चित्र धरायचं हे मोठे खेळाडूही करतात. जॅक निकलॉस शॉटआधी बॉल कुठे पडणार, कसा उडत जाणार ते डोक्यात सिनेमासारखं बघायचा. बेन होगनने 1957 मध्ये तिरक्या काचेचं चित्र दिलं, खांद्यांवरून बॉलपर्यंत काच टेकलीय आणि बॅकस्विंगमध्ये, म्हणजे काठी मागे वर नेताना, हात तिच्याखाली ठेवायचे. छान आहे, पण मला ते कधी लागू पडलं नाही, कारण अशी काच गळ्यात घालून मी कधी उभाच राहिलो नाही. माझं मत असं झालंय की चित्र असं हवं जे आपल्या अंगाने आधी केलेलं आहे.

मला ते गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला सापडलं, भाचरांबरोबर चपटे दगड घेऊन पाण्यावर भाकऱ्या काढताना. तुम्हीही काढून बघा, आणि दगडाकडे नाही तर अंगाकडे लक्ष द्या. आधी वजन डाव्या पायावर जातं, मग कंबर वळते, हात मागेच राहिलेला असतो, उजवं कोपर बरगडीला घासून पुढे येतं आणि मनगट सगळ्यात शेवटी सुटतं. दगड वरून फेकला तर तो डुबुक्‌ करून बुडतो, खालून आडवा सोडला तरच उड्या मारतो. स्लाइसवाल्याचं नेमकं हेच चुकतं, खांदा आधी पुढे येतो, क्लब (गोल्फची काठी) बाहेरून आत कापत येतो आणि फेस, म्हणजे काठीची बॉलला लागणारी बाजू, उघडा राहतो. दहा दगड टाका, लगेच क्लब न घेता तोच हात दहा वेळा रिकामा फिरवा, मग सात नंबरचं आयर्न (मधल्या लांबीची काठी) घेऊन अर्ध्या ताकदीने. बॉल मारताना मनात फक्त "दगड आडवा सोडतोय" एवढंच.

ग्रिपसाठी आपल्याकडची द्राक्ष तोडणी आठवा. मण्यांवरची पांढरट पावडर पुसू नये म्हणून घड देठाला धरतात, पडू द्यायचा नाही पण आवळायचाही नाही. बस, तेवढीच पकड.

टेम्पोसाठी, म्हणजे स्विंगच्या लयीसाठी, वाड्यातला झोपाळा. मागे गेला की टोकाला क्षणभर थांबल्यासारखा होतो, मग कोणी न ढकलता आपल्याच वजनाने खाली येतो आणि तळाला वेग सगळ्यात जास्त असतो. क्लब वर पोचला की त्या कडीची कुरकुर ऐकू येऊ द्या आणि मगच खाली या. चांगल्या प्रोंचा बॅकस्विंग डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट वेळ घेतो, आपण घाई करतो ती इथेच.

पण तिन्ही एकदम नको! एका दिवशी एकच चित्र. आणि व्हिडिओ काढाच, मोबाईल मागून हाताच्या उंचीवर ठेवून, कारण अंगाला वाटतं एक आणि होतं भलतंच. मला वाटायचं कोपर पार पोटात घुसतंय, व्हिडिओत ते जेमतेम बरगडीपाशी आलेलं, म्हणजे मला जाणीव दुप्पट ठेवावी लागते तेव्हा कुठे निम्मा बदल दिसतो. दोन-तीन आठवड्यांनी तेच चित्र काम करेनासं झालं तर घाबरू नका, माझं दगडाचं असं झालं तेव्हा मी बादलीतलं पाणी अंगणात आडवं फेकायचं चित्र घेतलं, हालचाल तीच.