टॉर्च घेताना लुमेनच्या पुढेही बघा

खोक्यावरचा लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, ठळक आकडा बघून टॉर्च निवडू नका. एएनएसआय एफएल१ या टॉर्चसाठीच्या अमेरिकी मानकात हा आकडा टॉर्च लावल्यावर जेमतेम ३० सेकंद ते २ मिनिटांत मोजतात. पुढे टॉर्च तापून उजेड निम्म्यावर आला, तरी खोक्यावर तोच आकडा. शिवाय डोळ्यांना दुप्पट उजेड जाणवायला लुमेन साधारण चौपट लागतात; १००० आणि १२०० मधला फरक कळतही नाही.

खरा फरक ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एलईडीला जाणारा करंट सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये असतो. साधा एफईटी ड्रायव्हर सेलचं व्होल्टेज जवळपास थेट एलईडीला देतो; तो सेल पूर्ण चार्ज असताना डोळे दिपवतो, पण व्होल्टेज ४.२ वरून खाली येऊ लागलं की उजेडही घसरतो. चांगला बक (व्होल्टेज उतरवणारा) किंवा बूस्ट (व्होल्टेज चढवणारा) ड्रायव्हर सेल बराच उतरेपर्यंत उजेड टिकवतो. रात्रभर गड चढायचा असेल तर मी डोळे झाकून हाच घेईन.

दुकानातच एक करा: कमी उजेडाच्या मोडवर टॉर्च लावून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहा. स्क्रीनवर काळे पट्टे सरकले, तर ड्रायव्हर एलईडीची भराभर उघडझाप करून उजेड कमी करतोय. काहींचं यानं डोकं दुखतं.

वायरिंग बघायचं असेल, तर सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा, ९० च्या पुढचाच हवा. ७० च्या निळसर उजेडात लाल वायर तपकिरी भासू शकते, आणि तिथे चूक परवडत नाही. त्यापायी थोडे लुमेन गेले तर जाऊ द्या.